आमदारांच्या वतीने ताई

सभेच्या दिवशी सकाळी आमदारांनी चहा मागितला आणि तोंडातून नुसती हवा बाहेर आली. त्यांनी पुन्हा मागितला. या वेळी हवेबरोबर बारीकशी शिट्टी आली. बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. नवऱ्याने काही मागितलं आणि आपल्याला ते ऐकू आलं नाही, असं तिच्या संसारात प्रथमच घडत होतं. त्यामुळे ती निवांतपणे भांडी लावत राहिली.

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं. अर्थसंकल्पीय अधिवेशनात आमदारांनी जेवढं ओरडून घेतलं होतं, ते सगळं आता घशात लाल होऊन बसलं होतं.

"बोलायचं अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले. "कुजबुजणंही वाईटच. पण ते तुम्ही ऐकणार नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा थोडंसं कुजबुजा."

आमदारांना हे परवडणारं नव्हतं. अधिवेशन संपलं की मतदारसंघातल्या लोकांना बोलावून कुठलं विधेयक आलं, अर्थसंकल्पात आपल्या भागाला काय मिळालं, याचा हिशोब द्यायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. संध्याकाळी सभागृह भरणार होतं. निवडणूक तोंडावर आली होती. सभा रद्द केली तर लोक म्हणणार, सांगण्यासारखं काही नसेल म्हणून घसा बसला.

"मी वाचून दाखवतो ना, साहेब," त्यांचा सहायक म्हणाला.

"नको," आमदारांची बायको म्हणाली. "तू फोनवर बोललास तरी मला जांभया येतात."

तेवढ्यात आतल्या खोलीतून ताई बाहेर आली. ताई म्हणजे आमदारांची थोरली बहीण. तिच्या घरात फरशी बदलण्याचं काम चालू असल्यामुळे ती काही दिवस भावाकडे राहायला आली होती. तिने उभी हयात कोर्टात दुभाष्याचं काम केलं होतं. ज्यांची भाषा न्यायाधीशांना कळत नाही, अशा साक्षीदारांच्या शेजारी उभं राहायचं आणि ते काय म्हणतात ते सांगायचं. दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडाने मांडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"मी सांगते तुझ्या वतीने," ताई म्हणाली. "तू कानात बोल, मी माइकवर बोलेन. पण बंडू, माझी पद्धत आधीच सांगून ठेवते. मी 'आमदार असं म्हणतात' वगैरे म्हणणार नाही. दुभाष्या साक्षीदाराच्या जागी असतो, तो 'मी' असंच म्हणतो. आणि शब्दाला शब्द नाही, अर्थ सांगायचा. पदरचं घालायचं नाही, त्याचं गाळायचं नाही."

आमदारांनी आनंदाने मान हलवली. आपलं काही गाळलं जाणार नाही, याहून जास्त कुठल्या पुढाऱ्याला काय हवं असतं?

संध्याकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत आमदारांची बायको बसली होती. तिच्यामागे, मांडी हलवत, माजी आमदार. मागच्या निवडणुकीत थोडक्यात पडल्यापासून ते प्रत्येक सभेला न चुकता येत आणि वही उघडून बसत. व्यासपीठावर दोन खुर्च्या होत्या. आमदार ताईच्या कानाशी वाकले.

"माझ्या बंधू-भगिनींनो," ते कुजबुजले, "आपणा सर्वांच्या आशीर्वादाने हे अधिवेशन अत्यंत फलदायी ठरलं."

ताईने माइक पुढे ओढला. "नमस्कार. अधिवेशन संपलं."

आमदारांनी तिच्याकडे पाहिलं. एवढं लांब वाक्य एवढं आखूड कसं झालं, ते त्यांना कळेना. पण सुरुवातीला थोडं इकडेतिकडे होणारच, असं म्हणून ते पुढे सरकले.

"भाडेकरू संरक्षण विधेयकावर आम्ही सर्वंकष चर्चा घडवून आणली आणि अधिक सखोल विचारासाठी ते संयुक्त समितीकडे सोपवलं."

"भाडेकरूंचं विधेयक पास झालेलं नाही," ताई म्हणाली. "ते कपाटात ठेवलंय." मग तिने भावाला हळूच विचारलं, "समितीची बैठक कधी आहे?"

"समिती अजून नेमायची आहे."

"कपाटही अजून आणायचंय," ताईने सभागृहाला सांगितलं.

टाळ्या वाजवायची सवय असलेल्या एका माणसाने दोन्ही हात उचलले होते, ते तसेच अधांतरी राहिले. विषय बदललेला बरा, म्हणून आमदार घाईने बाजारातल्या पादचारी पुलाकडे वळले. "पुलासाठी अर्थसंकल्पात लाक्षणिक तरतूद करून घेण्यात मला यश आलं आहे."

"पुलासाठी पैसे ठेवलेले नाहीत," ताई म्हणाली. "नुसतं नाव ठेवलंय."

"ताई, हे काय चाललंय?" आमदार तिच्या कानात फिसकारले. "असं नको सांगूस."

"ताई, हे काय चाललंय, असं नको सांगूस," ताईने त्याच सुरात माइकवर सांगितलं.

"अगं, हे लोकांसाठी नव्हतं."

"हे लोकांसाठी नव्हतं."

आमदारांनी ओठ घट्ट मिटले. आता काहीही म्हणायची सोय उरली नव्हती. पहिल्या रांगेत त्यांच्या बायकोने तोंडाला रुमाल लावला. ती रडतेय की हसतेय, ते व्यासपीठावरून कळत नव्हतं आणि काहीही असलं तरी घरी गेल्यावर परिणाम सारखाच होणार होता. सहायकाने खाली वाकून माइकची वायर उपटली. दुर्दैवाने ती पंख्यांची निघाली. सगळे पंखे गरगरत थांबले आणि त्या शांततेत ताईचा आवाज आणखीच स्वच्छ ऐकू यायला लागला.

ही संधी माजी आमदार सोडणार नव्हते. ते उभे राहिले, सदरा खाली ओढला आणि चारी बाजूंना नजर फिरवली.

"आमदारसाहेबांच्या या प्रांजळपणाचं मी स्वागतच करतो," ते म्हणाले. "मात्र एक जबाबदार नागरिक या नात्याने, यात कुठलंही राजकारण न आणता, मला काही प्रश्न उपस्थित करावेसे वाटतात."

ते दम घ्यायला थांबले. ताईसमोर कोणी वाक्य संपवून थांबलं की तिचं तोंड आपोआप उघडत असे. आयुष्यभराची सवय होती, तिला तरी काय दोष द्यायचा.

"मी राजकारण करायला उभा राहिलोय," ती म्हणाली.

सभागृहात हास्याचा स्फोट झाला. माजी आमदारांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"बाई, मी असं म्हणालो नाही."

"मी असं म्हणालो नाही," ताईने इमानाने सांगितलं.

"या पुलाच्या संकल्पनेचा पाया माझ्याच कार्यकाळात घातला गेला, हे मी नम्रपणे..."

"नाव ठेवायला सुरुवात मीच केली."

एखाद्या झोपाळू मुलाला खाली बसवावं, तसं माजी आमदारांनी स्वतःलाच सावकाश खुर्चीत बसवलं. आमदारांना क्षणभर गुदगुल्या झाल्या. पण तेवढ्यात मागच्या बाजूने एक बाई उठली. शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या असतात तसे तिच्या साडीला धाग्यांचे तुकडे चिकटलेले होते. बहुधा कामावरून तशीच आली होती.

"सरकारी दवाखान्यात डायलिसिसचं मशीन आलंय म्हणून मागच्या सभेत तुम्ही सांगितलं होतं," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला अजून दुसऱ्या शहरात न्यावं लागतं. जाऊन येऊन त्याच्यात काही उरत नाही. मशीन आलंय तर चालू का नाही?"

आमदार ताईच्या कानाशी वाकले. "काही तांत्रिक आणि प्रशासकीय बाबी..." एवढं म्हणून ते अडले. ताई माइक धरून थांबली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, घाईही केली नाही. कोर्टातही ती अशीच थांबत असावी. लहानपणी आमदारांनी काही लपवलं की ती अशीच थांबायची, हे त्यांना एकदम आठवलं.

"मला माहीत नाही," ते अगदी हळू म्हणाले. "मशीन आलं, फोटो काढला. त्यानंतर मी तिकडे गेलोच नाही."

"मला माहीत नाही," ताई म्हणाली. "मशीन आलं, फोटो काढला. त्यानंतर मी तिकडे गेलोच नाही."

या वेळी तिने एक शब्दही बदलला नव्हता. बाईने थोडा वेळ त्या दोघांकडे पाहिलं. तिला ओरडायचं असावं, पण समोरून एवढं सरळ उत्तर आल्यावर कशावर ओरडायचं, ते तिला सुचेना.

"मग उद्या या," ती म्हणाली. "मी असते तिथे."

त्या रात्री घरात कोणी कोणाशी बोललं नाही. आमदारांना बोलता येत नव्हतं, बायकोला बोलायचं नव्हतं आणि ताई जेवून शांतपणे झोपी गेली. सहायक जाताना म्हणाला, "साहेब, माझ्या मेहुण्याच्या दुकानात जागा आहे. तुमच्यासाठी विचारून ठेवू का?"

सकाळी आमदार दवाखान्यात गेले. मशीन खोक्यातच होतं. खोक्यावर परिचारिकांचे डबे, थर्मास आणि एक छत्री होती. मशीन चालवणाऱ्या माणसाची जागाच मंजूर झालेली नव्हती, आणि ते इतक्या लोकांना माहीत होतं की कोणी कोणाला सांगितलंच नव्हतं. शिवणकाम करणारी बाई शेजारी उभी होती. आमदारांना भाषण करता येत नव्हतं, त्यामुळे त्यांना दुसरं काहीतरी करावं लागलं. ते आरोग्य खात्याच्या कार्यालयात गेले आणि अधिकाऱ्यासमोर खुर्ची ओढून नुसते बसले. आमदार येतो, बोलतो आणि जातो, याची अधिकाऱ्याला सवय होती. हा बोलतही नव्हता आणि जातही नव्हता. शेवटी जेवायची वेळ टळून गेल्यावर अधिकाऱ्याने दुसऱ्या दवाखान्यातला एक तंत्रज्ञ आठवड्यातून काही दिवस इकडे पाठवण्याच्या कागदावर सही केली.

खोकं उघडलं, मशीन लागलं. परिचारिकांनी डबे खिडकीत हलवले.

पुढच्या आठवड्यात आमदारांचा आवाज परत आला. त्याच दिवशी दुपारी दारात माजी आमदार येऊन उभे राहिले. हे भांडायला आले असणार, असं आमदारांना वाटलं. पण माजी आमदारांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ताई आहेत का?" त्यांनी विचारलं.

ताई बाहेरच्या खोलीत येऊन बसली. माजी आमदारांनी घसा खाकरला.

"एक विचारायचं होतं. आमच्या पक्षाचे अध्यक्ष काल मला म्हणाले, 'तुमच्या अनुभवाची पक्षाला फार गरज आहे. नव्या पिढीला तुम्हीच घडवा.' मी घरी सगळ्यांना सांगूनही टाकलं. पण रात्री झोप लागेना. म्हटलं, तुम्हाला एकदा विचारावं."

"बसवून सांगितलं की उभ्याउभ्या?"

"उभ्याउभ्या. ते गाडीकडे निघाले होते."

"खांद्यावर हात ठेवला?"

"ठेवला."

"तिकीट नाही," ताई म्हणाली.

माजी आमदारांनी ताईला नमस्कार केला, चहा अर्धा ठेवला आणि एकदम वय झाल्यासारखे पायऱ्या उतरून गेले.

आमदार आतल्या दारात उभे राहून हे सगळं ऐकत होते. त्यांच्याही पक्षाच्या अध्यक्षांचा सकाळीच फोन आला होता. "तुमच्या सभेची सगळीकडे चर्चा आहे," अध्यक्ष म्हणाले होते. "दवाखान्याचंही समजलं. आता तुम्ही काही करू नका. पुढचं आम्ही पाहतो." फोन ठेवल्यापासून आमदार शीळ घालत घरभर हिंडत होते. बायकोला त्यांनी ते वाक्य दोनदा ऐकवलं होतं. आता ते मनातल्या मनात तिसऱ्यांदा ऐकताना त्यांची शीळ थांबली होती.

ताईने मान वळवली.

"तुला काही विचारायचंय का रे, बंडू?"

"छे," आमदार खणखणीत आवाजात म्हणाले. "मला बोलायला मनाई आहे."