आबांचा गोड आणि आबांचा तिखट

दुकानातल्या कॉम्प्युटरला मी गुडघ्यावर आणलं, हे मी अख्ख्या शाहूपुरीत छाती काढून सांगत फिरायचो. आता फिरत न्हाय. का, ते सांगतो.

माझं डिजिटल बोर्डाचं, म्हणजे फ्लेक्सचं दुकान हाय. आपल्याकडं पोराचं जावळ काढलं तरी चौकात बोर्ड लागतो, त्यामुळं धंदा तसा बरा. मी डिझाईन करतो, बायको मोना छपाईचं मशीन बघते. नवा कॉम्प्युटर घेतला, तर त्यात फोटो दाखवणारा एक प्रोग्रॅम आयताच बसून आलता. मी मागितला नव्हता. आपण नवीन घर घ्यावं आन आत पावणा आधीच चहा पीत बसलेला असावा, तसं झालं. फोटोवर टिचकी मारली की माझा नेहमीचा प्रोग्रॅम बाजूला सारून हाच पुढं यायचा. वर विचारणार, "ही व्यक्ती कोण आहे? नाव सांगा." तुला कशाला पायजे नाव? तू काय पोलीस पाटील हायस? मी काढून टाकला. कॉम्प्युटरनं आपणहून अपडेट केलं आन हा परत हजर. परत काढला, परत आला.

त्याची आणखी एक खोड होती. दुपारी निवांत बघून तो स्वतःच पडद्यावर यायचा, "तुमच्या आठवणी" म्हणायचा आन मंद संगीत लावून कॉम्प्युटरमधले फोटो एकामागनं एक दाखवायचा. मला तवाच संशय आला. हा फोटो नुसते दाखवत न्हाय, हा बघतोय.

आन माझ्याकडं बघण्यासारखं होतं. कुठं बोलू नका, पण श्रद्धांजलीचा बोर्ड नेहमी तासाभरात लागतो. घरचे रडत येतात, धड फोटो मिळत न्हाय, नावं चुकतात. म्हणून मी भागातल्या मोठ्या माणसांचे श्रद्धांजलीचे बोर्ड आधीच करून ठेवलते. माणसं सगळी ठणठणीत. फकस्त तारीख टाकायची बाकी. ह्यात वाईट हेतू काय न्हाय, ह्याला नियोजन म्हणतात. मोनाला मात्र ह्यातलं काय सांगितलं नव्हतं, कारण तिला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत तिच्या माहेरी मलकापूरला पोचतं.

अशात विजयसिंह आबा दुकानात आले. आबा इलेक्शनला उभारणार होते. म्हणाले, "जोतीराम, वाढदिवसाचा बोर्ड तुला देतो. झकास झाला तर इलेक्शनचं सगळं काम तुझं. न्हाय झाला तर समोर अमरसिंहाचं दुकान हायच."

मला ते काम पायजेच होतं. समोर अमरसिंहानं दुकान काढल्यापासनं माझ्या मशीनवर धूळ बसाय लागलीती. काम न्हाय मिळालं तर दुकान विकून मेव्हण्याच्या म्हशी धुवायला मलकापूरला जायचं, असं माझ्या सासरवाडीनं मला न विचारता ठरवूनबी टाकलंतं.

आबा खुर्चीत टेकले, मी त्यांना वाढदिवसाचं डिझाईन दाखवायला गेलो, तर पडद्यावर आलं "तुमच्या आठवणी". संगीत सुरू झालं. पहिलाच फोटो आबांचा, शेजारी समई, वर भावपूर्ण श्रद्धांजली. मी पडद्याला मिठी मारली.

"काय झालं रं?"

"झुरळ, आबा."

"मग त्येला मिठी मारतोस व्हय?"

"डिझाईन ऱ्हाऊ दे, बोर्ड तेवढा झकास कर," म्हणून ते गेले. त्याच दुपारी मी त्या प्रोग्रॅमचा बंदोबस्त करायला बसलो. तो निघत न्हाय ना, नको निघू. त्याला आंधळा करू. फाईलच्या नावाला मागं टिंब आन एक शेपटी असते. ती बघून त्याला कळतं की हा फोटो हाय. मी सगळ्या शेपट्या छाटल्या! फोटोंच्या जागी नुसते पांढरे कागद दिसाय लागले आन पावणा गप झाला. छापायच्या वेळी शेपटी परत कशी चिकटवायची, ते मोनाला शिकवलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर आज ही गोष्ट नसती. पण समोरचा अमरसिंह चहाच्या निमित्तानं येऊन माझ्या पडद्याकडं बघतो, असा मला दाट संशय. म्हणून आबांच्या दोन फाईलींना मी गुप्त नावं दिली, 'आबा गोड' आन 'आबा तिखट'. कुणीबी म्हणंल, वाढदिवसाचा तो गोड. तसंच म्हणंल म्हणून मी मुद्दाम उलटं ठेवलं. वाढदिवस तिखट, श्रद्धांजली गोड. अमरसिंहाच्या बापालाबी कळलं नसतं.

वाढदिवसाच्या सकाळी मी आबांच्या घरी निघालो, केक वाटेत घ्यायचा होता. जाता जाता मोनाला म्हणलं, "आबा गोड काढ. काय राहिलं-बिहिलं असंल तर बघून घे आन कामगारांकडनं चौकात उभा कर." आन फोन बंद केला. फोनबी त्या कॉम्प्युटरच्याच भावकीतला, खिशात बसून ऐकत असतो.

आबा सोप्यात झोपाळ्यावर बसलेले. माणसं यायला लागली. एकेक जण दारात यायचा, आबांना बघून दचकायचा, हातातला हार कसाबसा त्यांच्या गळ्यात घालायचा आन बाहेर जाऊन कुजबुजायचा. काहींचे डोळे लाल.

"जोतीराम," आबा गळ्यातले हार सारखे करत म्हणाले, "लोकांचं एवढं प्रेम हाय, मला ठावंच नव्हतं."

"बोर्ड बघितला असंल की त्यांनी, आबा," मी म्हणलं.

एवढ्यात आबांची थोरली बहीण, आक्का, छाती बडवत आत आली. झोपाळ्यासमोर थांबली. पदरानं डोळे पुसून तिनं परत बघितलं.

"विजू, तू हितं बसलायस? चौकात तर तू गेलायस."

तिच्या मागनं पांढऱ्या साडीत मोना, रडून डोळे सुजलेले. तिनं आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"अवं, तुमचा फोन लागंना. बोर्डावर तारीख राहिलीती. म्हणलं, घाईत राहिली असंल. मग मी आजची टाकली की."

आबांनी आधी स्वतः चौकात जाऊन बोर्ड उतरवून घेतला, मग गळ्यातले हार तसेच ठेवून माझ्या दुकानात येऊन बसले आन दार ओढून घेतलं. मी आन मोना समोर उभे.

"सम्राटनं किती दिले तुला?" सम्राट म्हणजे इलेक्शनमधला त्यांचा विरोधक.

"एक रुपाया न्हाय, आबा. आईशप्पथ."

"मग मला मारायची एवढी तयारी कुणी केली? फोटो, समई, सगळं घोटून केलेलं दिसत होतं. ह्ये काय आज सकाळचं काम न्हवं."

मग मी सगळं सांगितलं. नियोजन, पावणा, शेपट्या, गोड, तिखट. आबांचा विश्वास बसंना. मोनाचा तर त्याहून न्हाय.

"दाखव," आबा म्हणाले.

काय करता? मी एकेक शेपटी परत चिकटवली. शेवटची चिकटवली मात्र, पावणा जागा झाला. "तुमच्या आठवणी". मंद संगीत सुरू झालं आन कारखान्याचे, दूध संघाचे, तालमीचे सगळे जिवंत पुढारी हार घालून एकामागनं एक पडद्यावरनं जायला लागले. मी कानावर हात ठेवून उभा.

पण आबांचा चेहरा सैल झाला. खुर्ची पुढं ओढून घेतली.

"ह्योबी हाय व्हय? ह्यो तर काल भेटला मला."

"तारीख टाकायची राहिलीय, आबा."

आबा पहिल्यांदा हसले. मला जरा धीर आला. आन मग आला सम्राटचा बोर्ड. मी तो एका सुट्टीच्या दिवशी निवांत बसून केलता. मागं सोनेरी उजेड, दोन्ही बाजूंना हत्ती, वरनं फुलांचा पाऊस.

आबांचं हसू गेलं.

"त्येला हत्ती."

"आबा, ते काय हाय..."

"आन मला समई." ते उठून पडद्याजवळ गेले. "त्येच्या आज्ज्यानं तरी हत्ती बघितलता का रं? मी एवढी वर्षं लोकांसाठी झिजलो आन मला एक समई!"

मी हात जोडले. "बदलतो, आबा. चार हत्ती घालतो. सोंडेत हार देतो."

"अंबारीबी घाल." ते परत बसले. पडद्याकडं बघून मान हलवली. "बरं. इलेक्शनचं काम तुझ्याकडंच राहू दे. पण आधी ह्ये हत्तीचं कर, मनापासनं कर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुकान वाचलं. म्हशी वाचल्या. मी पाया पडायला वाकलो. तेवढ्यात मोनानं सवयीनं ऑर्डरची वही उघडली, पेन काढलं आन अगदी आदरानं विचारलं,

"आबा, हत्तीची डिलिव्हरी कधीची धरू?"

इलेक्शनचं सगळं काम अमरसिंहाकडं गेलं. हत्तीचं तेवढं आमच्याकडं हाय.