तिवरीघाटाचे पारखीची हकीकत

श्रीमार्गेश्वर प्रसन्न. वाट चालणारांस आणि वाट बांधणारांस कल्याण असो. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, या राज्याने घाट बांधावयाचा निश्चय केला आणि बांधण्यापूर्वी त्याची पारख करविली, ते वर्तमान ऐसे जे: राज्य दो अंगांचे, डोंगरावरी देश आणि डोंगराखाली खाडीपट्टी, आणि मध्ये उभे कडे. त्या साली देशावरी जोंधळा इतका पिकला की पेवे भरोन उरला तो उघड्यावर भिजोन काळा पडला, आणि खाली खाडीपट्टीस भात पाण्याखाली गेले व लोक कंद उकडोन दिवस काढू लागले. एकाच धन्याची रयत, वर धान्य कुजते आणि खाली पोटास नाही, कारण मध्ये गाडीस वाट नाही. लमाणांचे बैल पाठीवर नेतील तितकेच खाली उतरे. धाकटे महाराज वयाने अज्ञान, म्हणोन कारभार आईसाहेब पाहत होत्या. त्यांस हे कळले तेव्हां त्यांनी समोरील जेवणाचे पान बाजूस सारिले आणि बोलिल्या, "गाडीवाट झालीच पाहिजे." मग खजिन्याचा अदमास घेतला, तो दोन वाटा होणे नाही, एकच होईल ऐसे दिसोन आले, आणि एकच म्हणताच दरबारात ज्याने त्याने आपल्या गावाजवळील डोंगर कसा सोपा आहे हे सांगावयास आरंभ केला.

मग आईसाहेबांनी कोठारांचे कारभारी निंबाजी राणोजी यांस बोलावोन आज्ञा केली, "खिंडी दोन आहेत, एक वाकीची आणि एक तिवरीची. फिरोन पाहा आणि राज्याचे हित कोठे आहे ते सांगा." निंबाजीने मुजरा करोन विनंती केली की, "वाकीखिंडीच्या तोंडी माझेच गाव आहे. वडील बंधू हैबतराव तेथील देशमुख. या कामावर दुसरा नेमावा." आईसाहेब म्हणाल्या, "इतके जण बोलिले, परी आपणहून हे कोणी सांगितले नाही. तुम्हीच जा."

निंबाजी प्रथम वाकीस गेले. हैबतरावांनी पुरणाचे जेवण घातले, उतार दाखविला, आणि म्हणाले, "निंबा, ही वाट झाली की आपले गाव पेठ होईल. बाबा इथून बाजारासाठी दहा कोस जात होते. त्यांचे नाव घाटास देऊ." उतार खरेच सोपा होता, काम थोडक्यात झाले असते. परी ते खाली उतरोन गेले तो पुढे खाजण आणि चिखल, वस्ती विरळ, गाडी रुतावी ऐसी जमीन. मग तिवरीस गेले. तेथे कडा कठीण, सुरुंग लावल्यावाचून पाऊल पुढे पडणे नाही, परी खाली उतरताच अवघी खाडीपट्टी हातात आल्यासारखी पसरली होती. निंबाजी वरच्या आणि खालच्या गावी बसले आणि कुंभारास, कोळ्यास, वाण्यास, सुइणीस एकच गोष्ट विचारू लागले, की वाट झाली तर काय होईल, आणि न झाली तर काय होत राहील. कुंभार म्हणाला, "मडकी डोक्यावर नेतो, निम्मी फुटतात." एक बाई म्हणाली, "माहेर वर आहे. पहिले मूल अडले तेव्हां मला वर नेता आले नाही." इतके बोलोन ती मासे निवडू लागली.

तिवरीच्या माथ्यावर लमाणांचा तांडा उतरला होता. त्याची नायकीण सोमली म्हणोन थोर बाई, सासऱ्यामागे तांडा तीच चालवी. तिने सर्व ऐकोन घेतले आणि म्हणाली, "राव, गाड्या चालल्या की माझे बैल काय वाहतील? सगळ्यांचे भले मोजतोस, त्यात आमचे वाईट मोजलेस का?" निंबाजी खरे तेच बोलिले, "नाही मोजले." मग ते तांड्याबरोबरच घाट उतरले आणि पुन्हा चढले, आणि वाटेत पाहिले की डोंगराच्या कुशीतील वाड्यांस गाडी कधीच पोचणार नाही, तेथे बैलच पाहिजे. परतताना त्यांनी वाकीचा उतारही पुन्हा एकदा पाहिला.

नंतर दरबार भरला. हैबतरावही आले आणि मानाचे जागी बसले. निंबाजी उभे राहोन बोलिले, "वाकी सोपी आहे, तिवरी कठीण आहे. तरी तिवरी बांधावी." जकातीचे अधिकारी म्हणाले, "वाकीस काम थोडे, जकात लवकर सुरू होईल." निंबाजी म्हणाले, "जकात राज्याच्या पेटीत पडते म्हणोन दिसते. कोळ्याचे मासे ताजे वर पोचले, बाळंतीण वाचली, जोंधळा कुजला नाही, हे रयतेच्या घरात राहते, तेही राज्याचेच. आणि लमाणांचा धंदा या वाटेने बुडतो, तर वाड्यांचा माल घाटापर्यंत आणावयाचे आणि घाट राखावयाचे काम त्यांसच द्यावे. ते न देणे असेल तर माझी पारख अपुरी समजावी." तेव्हां हैबतराव उठले आणि म्हणाले, "निंबा, तू भाकरी कोणत्या गावची खाल्लीस?" निंबाजी म्हणाले, "आपल्याच, दादा. म्हणोन वाकी दोनदा पाहिली." हैबतराव निघोन गेले, आणि त्या दिवसापासोन निंबाजीस गावचे दार बंद जाहले. आईसाहेबांनी तिवरीचा हुकूम केला आणि लमाणांची सनद आपल्या देखत लिहविली.

मग सुरुंग उडाले, पाथरवट लागले, आणि घाट ऐसा सिद्ध जाहला की शेजारील राज्यांचे वकील पाहावयास येऊ लागले आणि तोंडात बोटे घालोन गेले. परी या राज्याची खरी थोरवी पुढे आहे. काही वर्षे गेली आणि आईसाहेबांनी निंबाजीस पुन्हा बोलाविले आणि म्हणाल्या, "जे होईल म्हणाला होतात ते झाले की नाही, हेही तुम्हीच पाहोन या." निंबाजी गेले, पुन्हा गावोगावी बसले, आणि परत येवोन भर दरबारात सांगितले, "वाकीकरांस ही वाट फार लांब पडते, हे पहिले. मीठ वर जाईल म्हणालो होतो तितके जात नाही, ते माझे चुकले. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तितका खर्च मी धरिला नव्हता, तेही चुकले. सोमलीचा तांडा वाढला आहे. आणि दोहों अंगांच्या सोयरिकी होऊ लागल्या, त्या माझ्या ध्यानीही नव्हत्या." दरबारी एकमेकांकडे पाहू लागले, कारण आपली चूक आपण मोजोन आणणारा कारभारी त्यांनी पाहिला नव्हता. आईसाहेब गादीवरोन उठोन उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपल्या हाते निंबाजीस वस्त्रे दिली.

त्याच साली खाडीपट्टीस पुन्हा पीक बुडाले, आणि देशावरोन गाड्यांची रांग तिवरीस लागली. निंबाजी माथ्यावर उभे राहोन गाड्या खाली सोडीत होते, तो एक मोठा काफिला आला आणि पुढील गाडीवर हैबतराव खासा बसले होते. गावची पेवे उघडोन, वळसा घालोन, जोंधळा घेवोन आले होते. दोघे बंधू समोरासमोर उभे राहिले. हैबतरावांनी खाली पसरलेली गावे पाहिली आणि म्हणाले, "आम्हांस ही वाट फार लांब पडते."

"पडते, दादा."

"दरबारास ते सांगितलेस?"

"पहिल्याने तेच सांगितले."

हैबतरावांनी गाडीतील शिदोरी काढिली, गाडीच्या सावलीस कांबळे अंथरिले आणि म्हणाले, "बस. जेवोन मग गाड्या उतरवू."

येणेप्रमाणे तिवरीघाट जाहला. त्या साली खाडीपट्टीत अन्नावाचोन कोणी मेले नाही. बांधण्यापूर्वी विचारावे आणि बांधिल्यावर पुन्हा जावोन पाहावे, हा या राज्याचा शिरस्ता तेथोन पडला, तो अद्याप चालतो.