तांबडा कोळी आणि केरबातात्या

केरबातात्या पंगतीला बसले की आधी पत्रावळ उलटी करून बघत. वाढपी भात घेऊन ताटकळायचा, शेजारचे हसायचे, पण तात्या बंडीच्या खिशातून भिंग काढून पानांची पाठ निरखत राहायचे. "पोटाकडनं समदीच पानं ग्वाड दिसत्यात," म्हणायचे. "खोड असती ती पाठीला."

पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेला हा माणूस माझ्या शेजारच्या घरात एकटाच राहायचा. महायुद्धाच्या त्या दिवसांत कराडजवळच्या माझ्या मळ्यात सरकारी परवान्याचा गांजा असे आणि त्याची राखण मी तात्यांवर सोपवली होती. चोरांचं त्यांना काही वाटत नसे. "चोर दिसतो तरी," म्हणत. त्यांचं वैर तांबड्या कोळ्याशी. डोळ्याला जेमतेम दिसणारा हा किडा पानाच्या पाठीला बसून रस पितो. वरून नुसते पांढुरके ठिपके दिसतात, आणि एकदा का त्यानं जाळं धरलं की झाड गेलंच.

त्या साली आश्विनात ऊन तापलं, हवा कोरडी पडली आणि कोळी आला. मी हाय खाल्ली, म्हटलं, उपटून टाकू. पण परवान्याचं पीक ते, उपटायलाही साहेबांची परवानगी! तात्या बांधावर आडवे उभे राहिले.

"थोडं दिस द्या मला. मग झाडं उपटा, न्हाईतर मलाबी उपटा."

लागलेली पानं खुडून त्यांनी जाळली. मग गड्यांची रांग लावून खालून पाण्याचा मारा सुरू केला. "पाठीला, गड्यांनो, पाठीला!" कोळ्यावर उतारा गंधकाचा; लढाईमुळं ते कुठं मिळेना, तर कराडच्या शोभेची दारू करणाऱ्याला गाठून त्यांनी ते आणलं. पुरचुंडीत बांधून, दव सुकायच्या आत पानांवर झटकायचं. उन्हात झटकलं तर पान करपतं. "तुरं धरायच्या आत उरकाय पायजे," म्हणाले, "न्हाईतर मालाला गंधकाचा वास यील."

इतक्यात बांधापलीकडच्या कृष्णाबाई तणतणत आल्या. विधवा बाई, एकटीनं वांगी करायच्या.

"आवं हवालदार, तुमची फौज माज्या वांग्यात शिरली की!"

तात्या असे खाली मान घालून उभे राहिले, जणू पलटण त्यांच्याच हुकमानं पळाली होती. दुसऱ्या दिवसापासून पुरचुंडी तिकडंही जाऊ लागली.

माझं पीक सावरलं, तुरे भरले. तात्या मात्र रोज सकाळी वांग्यातच. एकदा परवान्याचे साहेब अचानक तपासणीला आले, तेव्हा तात्यांना बोलवायला मी बांधापर्यंत गेलो. ते एका झाडाशी वाकले होते. कृष्णाबाई भाकरीचं फडकं सोडून बसल्या होत्या.

"कोळी दिवाळीआधीच गेला की," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"मग रोज काय बघता वाकून?"

तात्यांनी आणखी एक पान उलटून पाहिलं.

"घरात बोलाय कुनी न्हाई," एवढंच म्हणाले, तेही वांग्याकडं बघत.

कृष्णाबाईंनी अर्धी भाकरी मोडून त्यांच्यापुढं सरकवली. "मग बसून बोला की. कंबर कशाला मोडून घेताय?"

तात्या बसले.

मी हाक न मारताच मागं फिरलो आणि साहेबांना आणखी एक चहा पाजला.