मिनिस्टरचा मूळ अर्थ

भाषणात एखादी विद्वत्तेची गोष्ट घालावी, एवढंच मी ठरवलं होतं. (विनाशकाले मला असंच काहीतरी सुचतं.)

झालं असं, की बायकोचा मोठा भाऊ मिनिस्टर झाला. आमच्या घरी सत्कार. आणि माझ्या डोक्यावर बदलीची टांगती तलवार! साहेब मला कुठल्या कुठे पाठवायला निघाले होते. मेहुण्यांनी एक फोन केला की काम फत्ते.

"नीट बोला हं," बायकोने बजावलं. "दादा खूश झाला, की मगच विषय काढायचा."

म्हणून मी शब्दकोश उघडला आणि भरल्या हॉलमध्ये ठोकून दिलं, "मिनिस्टर हा शब्द मूळचा लॅटिन. त्याचा अर्थ, नोकर!"

सासूबाईंच्या हातातला चहा थेट माझ्या शर्टावर आला.

"आमच्या मुलाला नोकर म्हणता?" सासरे कडाडले.

"मी नाही हो, लॅटिन लोक म्हणतात!"

मेहुणे उठले. आता कानाखाली बसणार म्हणून मी डोळे मिटले, तर त्यांनी मला चक्क मिठी मारली!

"जावईबापू, डोळे उघडलेत माझे! आजपासून मी सगळ्यांचा नोकर. सुरुवात याच घरापासून. झाडू कुठाय?"

मी हबकलोच. बायकोने मला आत पिटाळलं. ओला शर्ट काढून मी बनियनवरच झाडू घेऊन धावत आलो. मेहुण्यांनी तो माझ्या हातातून ओढला आणि सत्काराला आलेल्या पेपरवाल्या फोटोग्राफरने नेमकं तेव्हाच बटण दाबलं. त्या गडबडीत बदलीचा विषय राहूनच गेला.

सकाळी पेपर उघडला. फोटोखाली छापलं होतं, 'नव्या मंत्र्यांनी घरगड्याच्या हातातला झाडू स्वतः घेतला.'

"दादा किती छान आलाय!" बायको म्हणाली.

ऑफिसात पाऊल टाकतोय तोच साहेबांनी बोलावलं. टेबलावर तोच पेपर.

"सरकारी नोकरीत असताना दुसरी नोकरी? तीही परवानगीशिवाय?"

"साहेब, ते माझंच घर आहे हो!"

"स्वतःच्याच घरी? म्हणजे पगारही नाही?"

"नाही, साहेब."

"सुट्टी?"

"तीही नाही." साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि माझ्या बदलीचा कागद टरकन फाडला.

"जा," ते म्हणाले. "तुम्हाला मी आणखी काय शिक्षा देणार?"