चाळीस फोन आणि शंभर गुण

कुठल्या कंपनीला कुठलं शिकवणीचं ॲप मानवेल, हे मी नुसत्या वासावरून सांगते! बाळंतपणात दोन वर्षं घरी बसले, तरी हा आत्मविश्वास तसूभर उतरला नव्हता. म्हणून चिकलठाण्याच्या एका कारखान्याचं पहिलंच काम मिळाल्यावर मी मालक आप्पासाहेबांना ठणकावलं, "सुरक्षेचे धडे देणारं ॲप कामगारांच्या फोनवरच टाका. महिन्यात फरक दिसला नाही, तर माझं काम बंद!"

हे शेवटचं वाक्य मी का बोलले, याचा विचार रोज भांडी घासताना करायचे.

पण निकाल आला आणि मी उडालेच! चाळीस कामगार, सगळे धडे पूर्ण, प्रत्येकाला शंभर गुण! पडताळायला ॲप माझ्याही फोनवर होतं, पण माझे गुण अहवालात नव्हते, हे बरं!

अहवाल घेऊन ऐटीत कारखान्यावर गेले. गेटवर वॉचमन कडूबाकाकांनी नेहमीसारखा हात पुढं केला. "मॅडम, फोन. आत न्यायला परवानगी नाय."

माझ्या लेकीला, रूपाला, सकाळपासून कणकण होती आणि ती पाळणाघरात. मी काकांना पाळणाघराचा नंबर दिला, औषधाचं नाव सांगितलं, वर फोनचा पिनही सांगून टाकला. न जाणो!

आत आप्पासाहेबांनी अहवाल चाळला आणि शंभर गुणवाल्या प्रणयला बोलावलं.

"प्रेस मशीनमध्ये पत्रा अडकला तर काय करशील?"

"हळूच हात घालून काढीन की, साहेब!"

दुसऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "प्रणयला बोलवीन."

आप्पासाहेब माझ्याकडं बघायला लागले, तशी मी छताकडं. तेवढ्यात चहा घेऊन आलेले कडूबाकाका दारातूनच ओरडले, "अरे हात नाय घालायचा! आधी मेन स्विच बंद, मग सुपरवायझरला हाक!"

"तुम्हाला कसं माहीत?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"साहेब, ह्यांचे फोन दिवसभर माझ्यापाशी. 'धडा राहिला, धडा राहिला' म्हणून चाळीस फोन एकदम बोंबलतेत! पोरं म्हणली, काका, तुम्हीच मिटवा. पिन दिले. मी सगळे धडे सोडवून मिटवले."

म्हणजे महिनाभर माझ्या ॲपनं अख्खा वॉचमन शिकवला होता! गेटवर फोन मीसुद्धा दर खेपेला देत होते, पण हे ध्यानात यावं तर ना!

"चूक माझी," मी कसंबसं म्हटलं. "तुमच्याकडं मोबाईलचं ॲप चालणारच नाही. कँटीनमध्ये पडदा लावा. चहाला सगळे बसतात, तेव्हा रोज एकच धडा."

आप्पासाहेब गदगदून हसले. "आणि शिकवायला कडूबा! चूक कबूल करणारा सल्लागार पहिल्यांदा बघतोय. लावा पडदा, मॅडम. काम चालू ठेवा."

जीव भांड्यात पडला! तशीच गेटकडं पळाले.

"पाळणाघरातून फोन आलता," कडूबाकाका म्हणाले. "ताप उतरला. खिचडी खाऊन झोपलीय पोर."

मला रडूच आलं. मी त्यांचे आभार मानायला लागले, तर ते म्हणाले, "आन् तुमचाबी धडा लई वाजत व्हता, मॅडम. केला पुरा. शंभर पडले." मग आवाज एकदम खाली आणून, "मागच्या खेपेला तुम्हाला बासष्टच व्हते, व्हय?"