शिवण्णा दातांनी ऐकतात

आमचे शेजारी शिवण्णा इंजिनाचा आवाज कानांनी ऐकत नाहीत. दातांनी ऐकतात.

यंत्रमागावरचा जुना लाकडी धोटा ते घेतात, तोच, जो आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे पळत असतो. त्याचं एक टोक चालू इंजिनावर टेकवतात, दुसरं दातांत घट्ट धरतात आणि डोळे मिटतात. नव्या माणसाला वाटावं, हे गृहस्थ गाडीला चावताहेत. उभा जन्म मागांच्या खडखडाटात गेल्यामुळं त्यांच्या कानांनी केव्हाच राजीनामा दिलाय, पण हाडं अजून कामावर आहेत. वर कवळी आणि खाली खरे दात. वरच्या बाजूनं आपल्याला झडपा ऐकू येतात आणि खालच्या बाजूनं क्रँक, असं ते छातीवर हात ठेवून सांगतात. एकदा आमच्या दोन घरांमधल्या भिंतीला धोटा लावून त्यांनी आमच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आठवडाभर टिकणार नाही असं भाकीत केलं, आणि फ्रिजनं त्यांचा शब्द पाळला. तेव्हापासून माझी बायको माझ्याशी भांडायचं झालं तर दुसऱ्या भिंतीजवळ नेऊन भांडते.

मी विमा विकतो. पण चष्मा लावतो, म्हणून शिवण्णांच्या लेखी मी मास्तर.

“मास्तर, ठोका चुकतोय बगा,” हे त्यांचं नमस्काराच्या जागचं वाक्य. सकाळी दूध आणायला निघालेल्या माणसाला दुसरं कोणी ‘बरं आहे का’ विचारील. शिवण्णा विचारत नाहीत, थेट ठोक्यावर येतात.

हा ठोका त्यांच्या गाडीचा. गाडी विलायती, दोन शिटांची, शर्यतीच्या जातीची, आणि वयानं माझ्यापेक्षा मोठी. भंगारवाल्याच्या आवारात ती त्यांना दिसली तेव्हा तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. शिवण्णांनी गाडी घेतली ती कोंबडीसकट, कारण अर्ध्या उबवणीतून उठवायचं त्यांच्या जिवावर आलं. गाडीचा रंग एकेकाळी लाल होता. आता ती धुतलेल्या कुंकवासारखी दिसते. उंची इतकी कमी की आत बसल्यावर रिक्षाचा सायलेन्सर आपल्या कानात बोलतो आणि रस्त्यावरची कुत्री बरोबरीच्या नात्यानं डोळ्यांत डोळे घालून बघतात.

आणि ठोका चुकला की ही गाडी जो आवाज काढते, त्याला मराठीत शब्द नाही. आधी एक उचकी. मग आतलं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं आणि तोफ उडते. एकदा सोलापुरात भर नवी पेठेत उडाली. सराफानं शटर ओढलं. वरातीसाठी आणलेला घोडा नवरदेवाला न घेताच मुलीच्या मांडवात जाऊन उभा राहिला. आणि एका साड्यांच्या दुकानात अख्खी दुपार गठ्ठे उलगडून बसलेल्या बाईनं पहिली साडी पसंत केली. तो दुकानदार अजून शिवण्णांना विचारतो, परत कधी येताय.

त्यांचा मुलगा सिद्धाराम मात्र हसत नव्हता. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आता तोच बघतो. दर दोन-चार दिवसांनी त्याला टॉवेलचे गठ्ठे उतरवून टेम्पो पाठवावा लागे आणि बापाला गाडीसकट ओढून आणावं लागे. शेवटी वळसंगच्या पुढून शिवण्णांची गाडी एका मेंढ्यांच्या टेम्पोमागं बांधून आली, मागच्या फळीवरून मेंढ्या शिवण्णांच्या डोक्यावरची टोपी खात होत्या, आणि त्या दिवशी सिद्धारामनं तोंड उघडलं.

“अप्पा, पुण्याचा एक माणूस हौशीनं मागतोय गाडी. देऊन टाकू.”

“देऊन टाक म्हनं. तुजी बुलेट दे की.”

“माझी बुलेट चालते.”

मग माझ्या साक्षीनं तह झाला. गंगाक्कांच्या, म्हणजे शिवण्णांच्या बायकोच्या, माहेरी मैंदर्गीला भाच्याच्या मुलाचं बारसं होतं. घरात गंगाक्का वयानं मोठ्या, बाळाच्या कानात नाव सांगायचा मान त्यांचा. शिवण्णांनी त्यांना याच गाडीतून न्यायचं. वाटेत ठोका एकदा जरी चुकला तरी गाडी पुण्याला. गाडीत दोनच शिटा, म्हणून मी मागून स्कूटरवर, पंच म्हणून. गंगाक्कांना कुणी काही विचारलं नाही. त्या भाजी निवडत होत्या. “मला काय, नेलं तर जाते,” एवढंच म्हणाल्या.

त्यानंतरचा पंधरवडा आमच्या गल्लीनं कसा काढला, ते गल्लीलाच ठाऊक. शिवण्णांनी आधी पेट्रोलवर संशय घेतला. पेट्रोल काढून त्याचा वास घेतला, बोटावर घेऊन जिभेला लावलं, आणि “पानी न्हाय, पाप हाय ह्यात” म्हणून पंप बदलला. मग हवेवर संशय. मग माझ्यावर. मी गाडीकडं बघून “छान दिसते” म्हणालो होतो, म्हणून बंपरला लिंबू-मिरची लागली. गाडी पहिल्याच उचकीला लिंबू समोरच्या ओट्यावर फेकून मोकळी झाली.

मग ते शास्त्रावर आले. त्यांचं शास्त्र मागाचं. कारखान्यात कुठला माग बिघडलाय हे कळत नसलं तर एकेक बंद करून बघायचा. जो बंद केल्यावर फरक पडत नाही, तो कामचोर. इंजिनाला चार सिलिंडर. शिवण्णांनी गाडी चालू केली, हाताला टॉवेल गुंडाळला, आणि पहिल्याच्या प्लगची वायर उपटली. गाडी धापा टाकायला लागली.

“हा हाय कामावर,” शिवण्णा म्हणाले, आणि वायर परत लावली.

दुसऱ्याची काढली. परत धापा. तिसऱ्याची काढली, गाडीला पत्ताच नाही. चौथ्याची काढली, तरी गाडी आपली तशीच लंगडत उभी.

“बगा मास्तर. तिसरा आन् चौथा. हजेरी लावून च्याला गेल्यात दोगं.”

मी म्हटलं, “प्लग गेले असतील.”

“मंग प्लग बदलूनच बगू की.” पुढचे प्लग त्यांनी मागं लावले, मागचे पुढं. ठोका तिथंच चुकत राहिला, तिसऱ्या-चौथ्यावर. वायरी अदलाबदल केल्या. तरी तिसरा-चौथाच. मग त्यांनी धोटा दातांत धरला आणि इतका वेळ तसेच वाकून राहिले की गंगाक्का बाहेर येऊन म्हणाल्या, “अवो, कवळी चिकटली का काय?”

शिवण्णांनी धोटा काढला. चेहऱ्यावर तेज आलं होतं.

“ठिणगी पडतीया. खायालाच न्हाय त्यास्नी. मास्तर, ही दोगं एकाच ताटात जेवत्यात.”

गोष्ट खरी होती. या गाडीला दोन कार्बोरेटर. पुढचा पहिल्या-दुसऱ्याला पेट्रोल पाजतो, मागचा तिसऱ्या-चौथ्याला. शिवण्णांनी मागचा खोलला. सगळी गल्ली गोळा झाली. पितळेच्या ज्या बारीक भोकातून पेट्रोल येतं, त्या भोकात काहीतरी अडकलं होतं. गंगाक्कांच्या सुईनं त्यांनी ते अलगद बाहेर काढलं आणि उन्हाकडं धरलं.

गुलाबी रंगाचं सूत.

शिवण्णांच्या कारखान्याचा गुलाबी टॉवेल साऱ्या सोलापुरात प्रसिद्ध आहे. पेट्रोलच्या टाकीचं झाकण कोंबडीच्या काळापासूनच हरवलेलं, आणि शिवण्णा इतकी वर्षं तिथं आपल्याच कारखान्याचा गुलाबी नॅपकिन कोंबत आले होते. नवा नॅपकिन, दर महिन्याला, मोठ्या प्रेमानं. त्याचा तंतू तंतू झडून टाकीतून इंजिनाच्या घशात उतरत होता. पंप निर्दोष, हवा निर्दोष, मी निर्दोष. गाडीला खाल्लं होतं ते मालकाच्या मालानं.

दुसरा कुणी असता तर त्यानं खाली बघितलं असतं. शिवण्णांनी सूत दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं, आणि सर्वांना फिरवून दाखवलं.

“वरीसभर पेट्रोलात भिजलंय, मास्तर. पर रंग बगा. जरासुदिक उतारला न्हाय.”

मी खोटं सांगत नाही, गर्दीतल्या दोघांनी तिथल्या तिथं टॉवेल मागितले.

टाकी धुतली, नळ्या फुंकल्या, दोन्ही कार्बोरेटर साफ केले. टाकीच्या तोंडाला गंगाक्कांच्या हिंगाच्या डब्याचं झाकण असं बसलं की विलायतेत तेच मापून बनवलं असावं. तेव्हापासून गाडी गेली की मागं फोडणीचा वास येतो.

बारशाच्या सकाळी आम्ही निघालो. पुढं शिवण्णा-गंगाक्का, मागं मी. इंजिन असं चाललं होतं, जसा तालमीतला पैलवान जोर काढतो, एकसारखं, दमदार, न चुकता. कुंभारी आली, तोफ नाही. वळसंग गेलं, उचकी नाही. पण एक गोष्ट मला कळेना. कुंभारीपासून पुढं शिवण्णा गियर बदलेनात. रस्ता मोकळा मिळो की समोर बैलगाडी येवो, तोच एक गियर. सायकलवाले आम्हाला मागं टाकून जात होते आणि जाताना कीव केल्यासारखं बघत होते. शर्यतीच्या गाडीची अशी अब्रू मी कधी गेलेली पाहिली नव्हती. अक्कलकोट मागं पडलं. मैंदर्गी आली. बारशाच्या घरासमोर मांडव होता, तिथं शिवण्णांनी क्लच दाबून गाडी उभी केली. बंद मात्र केली नाही.

सिद्धाराम आधीच पोचला होता. तो पुढं आला.

“वाजली का, मास्तर?”

“एकदासुद्धा नाही.”

घरातून बायका ओवाळायला ताट घेऊन निघाल्या. कोणीतरी म्हणालं, “बंद करा की आता, धूर आत येतोय.” शिवण्णांनी उजवा हात वर केला आणि बोट ओठांवर ठेवलं. डावा हात, गियरचा, ते हलवूच शकत नव्हते. गंगाक्कांचं डोकं त्यांच्या डाव्या खांद्यावर होतं. तोंड थोडं उघडं, पदर घसरलेला, हातातली बाळंतविड्याची पिशवी मांडीवरून खाली गेलेली. अशी झोप मी लहान पोरांची पाहिली आहे.

मी वाकून हळूच म्हटलं, “उठवू या की. नाव ठेवायचं थांबलंय.”

“गाडी बंद झाली की उठंलच ती,” शिवण्णा म्हणाले. त्यांना एवढ्या हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. “आमी मागावरची मानसं, मास्तर. खडखडाट चालू असला की झोप लागती. बंद पडला की डोळा उघडतो. हिची बाळंतपनं झाली तवाबी खाली माग चालूच हुतं की. सिद्धूनं समदं एमआयडीसीत नेलं, घर झालं गपगार. तवापासनं झोपत न्हाय ही. आढ्याकडं बगत पडती. इचारलं की म्हनती, झोपले की. पयल्यांदा गाडीत घेतली तवा कुंबारीपाशी डोळा लागला तिचा. मला वाटलं, चला, सापडलं. आन् ठोका चुकला. दचकून उठली, बारीक पोरावानी. मंग काय. एकसारकंच पायजे की.”

सिद्धाराम माझ्या मागंच उभा होता. बाजूला जाऊन त्यानं पुण्याला फोन लावला, दोनच वाक्यं बोलला, आणि मग रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. हॉर्न वाजवत येणाऱ्या एका टेम्पोला त्यानं दोन्ही हात पसरून थांबवलं.

गंगाक्कांच्या भावजय ताट घेऊन तशाच उभ्या होत्या. त्यांनी गाडीत वाकून बघितलं, निरांजन हातानं विझवलं, आणि मागच्या बायकांना कानडीत म्हणाल्या, “मलगली.” झोपू दे.

“पेट्रोल किती आहे?” मी विचारलं.

“हाय अजून.”

कानात नाव सांगणारी बाईच झोपलेली, म्हणून बाळ बिननावाचंच पाळण्यात राहिलं आणि पंगत आधी बसली. शिवण्णांचं पान गाडीत गेलं. ते उजव्या हातानं पोळी मोडत होते. आम्ही आत बसलो होतो. वाढणारी माणसं अनवाणी फिरत होती, भांडं भांड्याला लागू देत नव्हती. दूध मागायचं असलं तरी लोक बोटानं वाटी दाखवत होते. आणि बाहेरचा ठोका मध्येच कुठं जरा खाली आल्यासारखा वाटला, की अख्ख्या पंगतीचे घास ताटाच्या वर तसेच थांबायचे.