राउटरचं परमिट

राउटर लावायला आलेल्या माणसाच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट असेल, असं मला वाटलं नव्हतं. पण बडोद्यात आमच्या सुभानपुऱ्यातल्या सोसायटीत भिंतीला भोक पाडायचं म्हणजे टिपणीसकाकांना बोलवावं लागतं. नंदेसरीच्या एका कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण हे त्यांना कोणी कळवलेलं दिसत नाही.

कामाआधी त्यांनी कारखान्यातल्यासारखं कामाचं परमिट लिहिलं. काम : दोन स्क्रू. धोके : अकरा. मग मेन स्विच बंद करून त्यावर 'माणसं काम करत आहेत' अशी पाटी अडकवली. आता ड्रिल कशावर चालणार, असं मी विचारणार तोच पिशवीतून बॅटरीचं ड्रिल निघालं. फिशटँकच्या वरची मी निवडलेली जागा त्यांनी पाण्याकडे नुसतं बोट दाखवून नापास केली.

मी घाई केली की म्हणायचे, "शांतिथी. उतावळ नाही करायची." शिडी मी दोन्ही हातांनी धरायची, फोन वाजला तरी सोडायची नाही.

"शिडीवर एकट्यानं चढायचं नाही. खाली माणूस पाहिजे म्हणजे पाहिजे."

राउटर लागला, परमिट मात्र उघडंच राहिलं. ते बंद होईपर्यंत तपासणी असते म्हणे. दर रविवारी दहाला काका येत, राउटर तापलाय का बघत, स्क्रू चाचपत आणि चहा घेऊन जेवणवेळेपर्यंत बसत. चौथ्या रविवारी मी वैतागून म्हटलं, आता परमिट बंद करून टाका. त्यांनी चष्मा लावून सही केली, कागद माझ्या हातात दिला आणि चहा न घेताच गेले.

चष्मा टेबलावरच राहिला. तो द्यायला मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेलो. त्यांचा राउटर जमिनीवर, खोक्यावर ठेवलेला होता. वर भिंतीवर पेन्सिलीच्या दोन खुणा.

"काका, तुमचाच राउटर असा?"

"खुणा केल्या त्याच आठवड्यात ही गेली," ते म्हणाले. "मग शिडी कोण धरणार?"

मला माझीच लाज वाटली. कोपऱ्यातली शिडी मी उघडली. या वेळी परमिट मी लिहिलं. ते वर चढले, मी दोन्ही हातांनी शिडी धरून उभा राहिलो. फोन वाजला, वाजू दिला.

खाली उतरल्यावर परमिट बंद करायला त्यांनी माझ्यापुढे पेन धरलं.

"शांतिथी, काका," मी म्हटलं. "अजून तपासणी बाकी आहे. रविवारी दहाला येतो."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि चहा ठेवायला आत गेले.